१४२० भागिले १००: पुणे–नाशिक वाटेवरचं विश्वशास्त्र

आधी एक संख्या: १४२०.४ मेगाहर्ट्झ. हायड्रोजनच्या एकट्या अणूतून निघणाऱ्या रेडिओ लहरीची ही वारंवारता. तरंगलांबी २१ सेंटिमीटर. अणूतला इलेक्ट्रॉन आपल्या फिरकीची दिशा उलटवतो तेव्हा ही लहर निघते. अणूला त्याच्या मर्जीवर सोडलं तर असं एकदा घडायला सरासरी एक कोटी वर्षांहून जास्त काळ लागतो. इतकी दुर्मीळ घटना मोजता येते ती केवळ अणूंच्या संख्येच्या जोरावर. विश्वातल्या सामान्य पदार्थाच्या वजनात जवळपास तीन चतुर्थांश वाटा हायड्रोजनचा आहे, त्यामुळे कुठला ना कुठला अणू प्रत्येक क्षणी ही लहर सोडतच असतो.

दुसरी गोष्ट भागाकाराची. विश्व प्रसरण पावतं आहे, म्हणून लांबून निघालेली लहर वाटेत ताणली जाते. लहर जितकी जुनी तितकी ती जास्त ताणलेली आणि तितकी तिची वारंवारता कमी. १४२०.४ ला आपल्यापर्यंत पोचलेल्या वारंवारतेने भागलं, की ती लहर निघाली तेव्हापासून विश्व किती पट फुगलं ते कळतं. त्यावरून लहर कोणत्या काळातली हेही ठरतं. म्हणजे हायड्रोजनच्या बाबतीत वारंवारता ही तारीखच असते. एवढी एक बाब ध्यानात ठेवली, तर पुढचे सगळे आकडे सरळ वाचता येतात.

हाच भागाकार नाशिकच्या रेडिओवर करून पाहू. आपल्याकडे एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. १४२०.४ भागिले ८८ म्हणजे १६.१, आणि १४२०.४ भागिले १०८ म्हणजे १३.२. विश्वाचं वय आज सुमारे १३८० कोटी वर्षं धरतात. ते सोळा पट लहान होतं तेव्हा त्याचं वय होतं सुमारे २७ कोटी वर्षं, आणि तेरा पट लहान होतं तेव्हा सुमारे ३६ कोटी. म्हणजे सकाळी सातपूरच्या चहाच्या टपरीवर रेडिओ ज्या पट्ट्यात वाजतो, नेमक्या त्याच पट्ट्यात विश्वातल्या पहिल्यावहिल्या ताऱ्यांच्या भोवतालच्या हायड्रोजनची खबर आज पृथ्वीवर पोचते आहे. रेडिओ केंद्राचा आवाज मोठा आणि ही खबर कमालीची क्षीण, एवढाच फरक.

आणि हा काळ आज खगोलशास्त्रातला सर्वांत गरम प्रश्न आहे. जेम्स वेब दुर्बिणीने २०२५ साली नोंदवलेली ‘मॉम-झेड१४’ ही दीर्घिका महास्फोटानंतर अवघ्या २८ कोटी वर्षांनी इतकी तेजस्वी कशी, याचं समाधानकारक उत्तर अजून कुणाकडे नाही. वेबच्या आधीच्या अंदाजांपेक्षा अशा तेजस्वी दीर्घिका कितीतरी जास्त सापडत आहेत. तारे अपेक्षेपेक्षा झपाट्याने बनले, की ते वेगळ्याच जातीचे आणि जास्त वजनदार होते, की मधल्या कृष्णविवरांचा उजेड आपण ताऱ्यांच्या खात्यावर जमा करतो आहोत? वेब पाहते ते ताऱ्यांना. तारे ज्या कच्च्या मालातून बनले तो वायू पाहायचा, तर त्या दीर्घिकेच्या काळातल्या हायड्रोजनची वारंवारता येते १४२०.४ भागिले १५.४४, म्हणजे ९२ मेगाहर्ट्झ. पुन्हा एफएमच्या पट्ट्यातच.

नाशिककरांनी या प्रश्नात लक्ष घालण्याचं कारण मात्र रेडिओ संचापेक्षा जवळचं आहे, आणि ते रस्त्याला लागून आहे. पुण्याला निघालं की सिन्नर, संगमनेर, आळेफाटा आणि मग नारायणगाव. तिथून पूर्वेला खोडद. या टापूत जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यांतल्या १४ खोडदजवळच्या सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये, उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर शेताशिवारांतून पसरलेल्या. सगळ्यात लांबच्या दोन डिशमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही दुर्बीण. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते ती देशाला अर्पण झाली.

एका डिशचं तोंड सुमारे १५९० चौरस मीटरचं. तीस डिशचं मिळून ४७,७०० चौरस मीटर. आपल्या मापात जवळपास बारा एकर. बारा एकर पत्रा हवेत उभा करायचा, तोही प्रत्येक डिश हव्या त्या दिशेला वळवता येईल असा, तर लोखंड किती लागेल आणि वाऱ्याचा दाब किती बसेल? या दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी हा प्रश्न पत्राच टाळून सोडवला. जवळ जाऊन पाहिलं तर डिशचा पृष्ठभाग ही जाळी आहे. स्टेनलेस स्टीलची ०.५५ मिलिमीटरची तार. मधल्या भागात १० मिलिमीटरची चौकट, पुढे १५, आणि कडेला २०. पोलादी दोरांच्या ताणावर ही जाळी वक्राकार बसवलेली. डिशखाली उभं राहून वर पाहिलं की आभाळ आरपार दिसतं आणि वारा त्यातून निघून जातो. पण २१ सेंटिमीटरहून लांब लहरीला एक-दोन सेंटिमीटरची भोकं जाणवतच नाहीत. तिच्या लेखी ती गुळगुळीत भिंत असते आणि ती परावर्तित होते. म्हणूनच ही दुर्बीण परदेशातल्या तशा दुर्बिणींच्या मानाने फार कमी खर्चात उभी राहिली. माझ्या मते स्वातंत्र्योत्तर भारतीय अभियांत्रिकीतली ही सगळ्यात देखणी युक्ती आहे, आणि ती रॉकेटइतकी मुलांना सांगितली जात नाही याचं वाईट वाटतं.

तीस डिश म्हणजे फक्त तीस कान नव्हेत. प्रत्येक डिशचा संकेत दुसऱ्या प्रत्येक डिशच्या संकेताशी ताडून पाहतात. जोड्या होतात ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. या ४३५ जोड्यांच्या ताळ्यातून संगणक चित्र बनवतो. ते चित्र २५ किलोमीटर रुंदीच्या एका डिशने काढावं इतकं बारीक असतं. २०१९ च्या सुमारास दुर्बिणीचं आधुनिकीकरण पुरं झालं, तेव्हा एका वेळी ऐकता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. आज तीसहून अधिक देशांतले खगोलशास्त्रज्ञ इथे निरीक्षणासाठी वेळ मागतात.

आता जीएमआरटीचे पट्टे तारखांत मांडू. गणित वरचंच, विश्वाची मापं प्लँक उपग्रहाची. १२० ते २५० मेगाहर्ट्झचा पट्टा हायड्रोजनच्या हिशेबात विश्वाच्या वयाच्या ४२ कोटी वर्षांपासून १२७ कोटी वर्षांपर्यंतचा काळ दाखवतो. २५० ते ५०० चा पट्टा तिथून ३५५ कोटीपर्यंत. ५५० ते ८५० चा पट्टा ४०७ कोटीपासून ७४६ कोटीपर्यंत. आणि १०५० ते १४५० चा पट्टा ९७७ कोटीपासून थेट आजपर्यंत. एवढ्या चार पट्ट्यांत विश्वाच्या आयुष्याचा मोठा भाग येतो.

मध्ये एक मोठं खिंडार राहतं, ८५० ते १०५० मेगाहर्ट्झचं. आपल्या मोबाईलचा ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा याच खिंडारात बसतो. ९०० ची तारीख काढली तर ती आजपासून सुमारे ५७५ कोटी वर्षांपूर्वीची येते, म्हणजे पृथ्वी जन्मायच्याही सव्वाशे कोटी वर्षं आधीची. खिंडाराच्या वरच्या टोकाला, १००० मेगाहर्ट्झच्या आसपास, सूर्य जन्मला त्या सुमाराचा काळ येतो. ५जीचा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा तर दुर्बिणीच्या ५५० ते ८५० या चालू पट्ट्याच्या आत आहे. त्याची तारीख सुमारे आठशे कोटी वर्षांपूर्वीची. मोबाईल कंपन्यांना लिलावात विकली जाणारी प्रत्येक वारंवारता ही अशी कुठल्यातरी काळाची तारीख असते. दूरसंचाराची गरज मी नाकारत नाही. पण लिलावाच्या रकमेत या दुसऱ्या बाजूची किंमत कुणी धरलेली नसते, हे सांगितलंच पाहिजे.

या बारा एकर जाळीने मिळवलं काय? सर्वांत मोलाचं मला वाटतं ते २०२० सालचं काम. ताऱ्यांच्या निर्मितीचा विश्वातला बहर ८०० ते १००० कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला आणि तिथून ती झपाट्याने ओसरली, हे आधीपासून माहीत होतं. का ओसरली, हा प्रश्न होता. उत्तरासाठी त्या काळातल्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजायला हवा, पण एकेका दीर्घिकेची लहर इतकी क्षीण की ती गोंगाटात बुडून जाते. आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी ७,६५३ दीर्घिकांच्या जागा आधी ठाऊक करून घेतल्या, त्या प्रत्येकीच्या जागेवरचा संकेत उचलला आणि सगळे एकावर एक ठेवून सरासरी काढली. बेरजेत गोंगाट एकमेकांना खोडत जातो, खरी लहर मात्र साचत जाते. अशी ८०० कोटी वर्षांपूर्वीची सरासरी लहर दिसली. तिच्यातून निघालेला आकडा साधा आणि धक्कादायक होता: त्या दीर्घिका ज्या वेगाने तारे बनवत होत्या, त्या वेगाने त्यांच्याजवळचा हायड्रोजन जेमतेम १५० कोटी वर्षं पुरला असता. बाहेरून नवा वायू त्या प्रमाणात आला नाही आणि कच्चा मालच संपत गेला.

पुढे त्याच चमूने ५१० तासांचं निरीक्षण करून ११,४१९ दीर्घिका घेतल्या. त्यात दिसलं की सुमारे १०० कोटी वर्षांच्या अवधीत दीर्घिकांमधला सरासरी हायड्रोजन तिपटीहून जास्त घटला. विश्वाच्या मापाने ही घट फार वेगाची आहे. मग बाहेरून येणारा वायू थांबला का? कृष्ण पदार्थाच्या भल्यामोठ्या वलयांत तो तापून अडकला, की दीर्घिकांच्या मधल्या कृष्णविवरांनी तो उडवून लावला? एक प्रश्न सुटला की त्याच्या पोटातून असा दुसरा निघतो. त्यासाठी सरासरीवर न थांबता एकेका दीर्घिकेकडे जावं लागेल. त्याचीही चुणूक मिळाली आहे. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी एका दीर्घिकेची हायड्रोजन लहर जीएमआरटीवरच पकडली. ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास, जवळपास ९०० कोटी वर्षं जुनी. मध्ये आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने भिंगासारखं काम करून तिचा संकेत सुमारे तीस पट मोठा केला, म्हणून ती सापडली. तिच्यातला हायड्रोजन तिच्या ताऱ्यांच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भरतो.

आणखी मागे गेलं की आकडे रुसतात. पहिल्या ताऱ्यांच्या प्रकाशाने सभोवारचा हायड्रोजन फुटून त्याचे इलेक्ट्रॉन सुटे झाले, तो काळ सुमारे १५० मेगाहर्ट्झला दिसायला हवा. अपेक्षित संकेत आहे साधारण १० मिलिकेल्व्हिनचा. त्याच वारंवारतेला आपल्या आकाशगंगेची स्वतःची चमक आहे काहीशे केल्व्हिन. म्हणजे पार्श्वभूमी संकेताच्या वीस-तीस हजार पट मोठी. २०१३ साली जीएमआरटीवरच्या प्रयोगाने इथली कमाल मर्यादा २४८ मिलिकेल्व्हिनवर आणली: संकेत असलाच तर याहून लहान आहे. दहा वर्षांत दक्षिण आफ्रिकेतल्या ‘हेरा’ प्रयोगाने थोड्या वेगळ्या काळासाठी ही मर्यादा २१ मिलिकेल्व्हिनपर्यंत खाली ओढली. संकेत अजून कुणालाही सापडलेला नाही. वर्तमानपत्रात बातमी होते ती सापडण्याची. पण २४८ वरून २१ हे न सापडण्याचं माप आहे, आणि विज्ञानाची खरी मजुरी अशाच आकड्यांत असते.

घाईची किंमत काय पडते तेही इथेच दिसलं. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या ‘एजेस’ प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झला अर्ध्या केल्व्हिनची खाच पाहिल्याचं जाहीर केलं. ही खाच सिद्धान्ताच्या अपेक्षेपेक्षा दुप्पट खोल होती, त्यामुळे कृष्ण पदार्थाच्या नव्या गुणधर्मांवर शोधनिबंधांचा पाऊस पडला. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने आपली ‘सारस-३’ ही अँटेना कर्नाटकातल्या तलावाच्या आणि धरणाच्या पाण्यावर तरंगत ठेवली, कारण खालची माती, खडक, ओल यांनीसुद्धा संकेत बिघडतो आणि पाणी मात्र सगळीकडे सारखं असतं. २०२२ मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: एजेसने सांगितलेली खाच ९५.३ टक्के खात्रीने विश्वातून आलेली नाही. आता हीच संस्था चंद्राभोवती फिरणाऱ्या ‘प्रतुष’ या प्रयोगाची तयारी करते आहे, कारण पृथ्वीवरचा एफएम चंद्राच्या पलीकडच्या बाजूला पोचत नाही.

विश्वशास्त्रातले दुसरे दोन मोठे वाद थोडक्यात सांगतो, कारण त्यांत जीएमआरटीचा हात कमी आणि महाराष्ट्राचा भविष्यात जास्त असेल. विश्व किती वेगाने फुगतं आहे? प्लँक उपग्रहाने बालविश्वाच्या प्रकाशावरून काढलेला दर ६७.४. जवळच्या ताऱ्यांवरून आणि स्फोटांवरून काढलेला दर ७३. एकक आहे दर मेगापार्सेकला सेकंदाला किलोमीटर. ३२ कोटी ६० लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका पहिल्या हिशेबाने सेकंदाला ६,७४० किलोमीटरने दूर जाते, दुसऱ्याने ७,३०० ने. फरक आठ टक्क्यांचा, आणि दोन्ही मापांच्या त्रुटी एक-दीड टक्क्याच्या आत. म्हणून कुणाचं तरी माप चुकतं आहे किंवा आपलं विश्वाचं चित्रच अपुरं आहे. या वादात पंच होऊ शकतील गुरुत्वीय लहरी, कारण त्यांच्यातून अंतर थेट मिळतं. २०१७ च्या पहिल्या अशा मापाने ७० हा आकडा दिला, पण त्याची त्रुटी इतकी मोठी की दोन्ही बाजू त्यात मावतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटर बाहूंची लायगो-इंडिया उभी राहणार आहे. २०२३ मध्ये तिला २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. अशी मापं वाढवणं हे तिचं एक काम असेल.

दुसरा वाद कृष्ण ऊर्जेचा. विश्वाच्या साठ्यात तिचा वाटा सुमारे ६८ टक्के, कृष्ण पदार्थाचा २७, आणि आपण, गोदावरी, तारे, सगळं मिळून ५. ही ऊर्जा काळानुसार स्थिर आहे असं आपण धरतो. अमेरिकेतल्या ‘डेसी’ प्रकल्पाने जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार मोजून २०२५ मध्ये सांगितलं, की ती बदलत असावी. खात्रीचं माप, कोणत्या सुपरनोव्हांचा संच जोडला त्यानुसार, २.८ ते ४.२ सिग्मा. भौतिकशास्त्रात शोध म्हणायला पाच लागतात. म्हणून अजून थांबायला हवं. या टप्प्यावर कृष्ण ऊर्जा ओसरते आहे असं ठामपणे सांगणाऱ्या लेखांपासून वाचकांनी सावध राहावं.

परत खोडदकडे. इथली दुसरी मोठी निरीक्षणं पल्सारची. पल्सार म्हणजे वेगाने फिरणारे मृत तारे. त्यांच्या ठोक्यांची वेळ इतकी अचूक, की त्यांच्या आणि आपल्या मधून एखादी अवाढव्य गुरुत्वीय लहर गेली तर ठोका किंचित पुढेमागे होतो. किती? सेकंदाच्या कोटीव्या भागाइतका, म्हणजे साधारण १०० नॅनोसेकंद. २९ जून २०२३ रोजी जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी अशा लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा जाहीर केला. त्यांत युरोपातल्या दुर्बिणींबरोबर जीएमआरटीवरचा भारतीय गट होता, २५ पल्सार आणि सुमारे २५ वर्षांच्या नोंदी घेऊन.

या कामात जीएमआरटी का लागते, तेही एका हिशेबाने स्पष्ट होतं. ताऱ्यांमधल्या पोकळीत विखुरलेले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरीला उशीर लावतात. वारंवारता जितकी कमी तितका उशीर जास्त, तोही वर्गाच्या प्रमाणात. वाटेत थोडेच इलेक्ट्रॉन असलेला एखादा जवळचा पल्सार घेतला, तर १४०० मेगाहर्ट्झला त्याचा ठोका २१ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ४०० ला २५९ मिलिसेकंद. शोधायचा फरक १०० नॅनोसेकंदांचा आणि इलेक्ट्रॉनांनी घातलेला गोंधळ त्याच्या वीस लाख पटींहून मोठा! हा गोंधळ वजा करायचा तर कमी वारंवारतेला नेमकं मोजावं लागतं, आणि ते खोडदला जमतं. या लहरी दीर्घिकांच्या मधल्या जुळ्या महाकाय कृष्णविवरांतून येतात, की विश्वाच्या अगदी पहिल्या क्षणांतून, हा प्रश्न अजून उघडा आहे.

इतके क्षीण संकेत ऐकणाऱ्या यंत्राजवळ गोंगाट म्हणजे काय, याचा एक हिशेब मी मांडला. एक वॅट ताकदीचा जुन्या धाटणीचा मोबाईल चंद्रावर ठेवला आणि त्याची शक्ती २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पसरली, तर पृथ्वीवर त्याचा संकेत येतो सुमारे २७० जान्स्की (रेडिओ संकेताची प्रखरता मोजायचं एकक). तासन्‌तास निरीक्षण केल्यावर जीएमआरटी काही मायक्रोजान्स्कीपर्यंत पोचते. म्हणजे चंद्रावरचा तो फोन तिला तिच्या सर्वांत क्षीण लक्ष्याच्या काही कोटी पट प्रखर दिसेल. तोच फोन पाच किलोमीटरवर असला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. फोनची वारंवारता निदान ठरलेली असते, ती वगळता येते. ठिणगीची तशी नसते. हर्ट्झने १८८७ साली रेडिओ लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच. ठिणगी एकाच वेळी सगळ्या वारंवारतांवर ओरडते. विजेच्या खांबावरचा सैल सांधा किंवा तडकलेला चिनी मातीचा चिमणीएवढा इन्सुलेटर पुरतो. जीएमआरटीच्या अभियंत्यांना परिसरातल्या वीजवाहिन्यांवर अशा जागा शोधत फिरावं लागतं, आणि नव्या यंत्रणेत असा गोंगाट तिथल्या तिथे गाळणारी सोयही करावी लागली आहे.

पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा प्रश्न इथे येऊन मिळतो. महारेल या कंपनीने आखलेला मूळ मार्ग २३५ किलोमीटरचा, खर्च १६,०३९ कोटी, वेग ताशी २०० किलोमीटर. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, चाकण अशी सरळ रेघ. विजेवरच्या या रेल्वेची वरची तार २५ हजार व्होल्टची. तारेला घासत जाणाऱ्या पॅन्टोग्राफचा संपर्क क्षणभर सुटला की ठिणगी. शिवाय गाडीतली वीज-यंत्रणा, बिनतारी संदेश आणि शेकडो प्रवाशांचे मोबाईल. मार्ग दुर्बिणीच्या परिसरातून जात असल्याने आक्षेप आला. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी जीएमआरटीचं कारण देऊन मूळ मार्ग शक्य नसल्याचं सांगितलं, आणि अहिल्यानगर–शिर्डीकडून वळणाऱ्या मार्गाचा विचार पुढे आला.

सिन्नर, संगमनेर, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांत याची जी नाराजी आहे ती रास्त आहे. भूसंपादन सुरू झालं होतं. कांदा, टोमॅटो, द्राक्षं पिकवणाऱ्या या पट्ट्याला रेल्वेची गरज आहे. नाशिकच्या कारखानदारीला पुण्याशी जवळचा दुवा हवा आहे, आणि सिंहस्थ तोंडावर आहे. शिर्डीकडून वळसा घालून जाणाऱ्या गाडीने हे सगळं साधेल असं मला वाटत नाही. पण ‘दुर्बीण हलवा’ ही मागणी मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. ही जागा निवडताना शांतता पाहिली, आडोशाचे डोंगर पाहिले, कमी वारा पाहिला, आणि भूचुंबकीय विषुववृत्तापासूनचं अंतरही. दुर्बीण हलवणं म्हणजे तीस डिशचे पाये, २५ किलोमीटरमध्ये पसरलेल्या ऑप्टिकल फायबर केबल आणि अडीच दशकांचं मोजमाप मोडून नव्याने मांडणं. अशी शांत जागा महाराष्ट्रात दुसरीकडे उरली आहे का, हा प्रश्न त्याहून अवघड.

आणि दुर्बीण आता जुनी झाली, तिची गरज संपली, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरेत, म्हणजे १,३१,०७२ अँटेना आणि १९७ डिशच्या त्या महाप्रकल्पात, भारत १,२५० कोटींचा भागीदार आहे. तिथे काम करायची तयारी खोडदला होते. मुलामुलींना प्रशिक्षण इथेच मिळतं.

माझं मत असं: नारायणगावच्या आसपासचा टापू वळसा घालून सोडावा, पण वळसा दुर्बिणीपुरता असावा, सिन्नर आणि संगमनेरला रेल्वेपासून तोडण्याइतका नसावा. त्यासाठी आज लोकांपुढे नसलेले आकडे लोकांपुढे यायला हवेत. दुर्बिणीच्या प्रत्येक डिशपासून किती किलोमीटरवर किती गोंगाट पोचतो? मध्ये डोंगर आला तर तो किती घटतो? रूळ खोलगट खोदकामातून किंवा बोगद्यातून नेले तर किती? डिझेलवर किंवा बॅटरीवर तेवढा टप्पा पार केला तर किती? हे मोजता येतं. मोजणारी माणसं पुण्यात आहेत, मार्ग आखणारी मुंबईत आणि दिल्लीत. लोकप्रतिनिधींनी ‘मार्ग हवा’ आणि ‘मार्ग नको’ यांच्या पलीकडे जाऊन ही मोजणी मागावी आणि तिचा अहवाल मराठीत जाहीर करायला लावावा.

आणि नाशिककरांनी एकदा खोडदला जाऊन यावं. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीच्या आसपास, दुर्बीण सर्वांना पाहायला खुली असते आणि आजूबाजूच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. मुलांना घेऊन जा. जाळीखाली उभं राहून वर पाहा. आणि फाटकाशी पोचण्याआधीच मोबाईल बंद करा.